हर्णैचं ऊन

शेजारी सुके बोंबील भाजले की त्या वासानं मला हर्णैचा समुद्र आणि बायकोचा फोन आठवतो. पुण्यात विश्रांतवाडीच्या खोलीत बसून ती वर्षभर हर्णैच्या लॉजवाल्याशी बोलायची. पावसात समुद्र खवळलेला, मेमध्ये गर्दी, थंडीत तिचा दमा. जायचं काही ठरत नव्हतं. एकदा तिनं विचारलं, "दादा, ऊन असतं ना हो? आणि दुपारी नळाला पाणी?" तो म्हणाला, "वहिनी, समोर समुद्र आहे, पाण्याचं काय विचारता! या तर खऱ्या." ती हसता हसता खोकली, मग मला म्हणाली, "अहो, मार्चला जायचंच हं." मार्च यायच्या आधीच ती वारली. यंदा मी एकटाच जाऊन आलो. लॉजवाल्यानं ओसरीत खुर्ची टाकून दिली. म्हणाला, "वहिनी विचारायच्या ते हेच ऊन." मी बघितलं. पुण्यात पडतं तसलंच होतं.