राहिलेली आठ वचनं
बोईसरच्या एका औषध कारखान्यात मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, वीस-पंचवीस घरांची. रविवारी एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून उपासना व्हायची. माझा आवाज बरा होता. शास्त्रपाठ मी वाचला की लोक कौतुक करायचे, आणि ते ऐकायला मी मुद्दाम दाराशी रेंगाळायचो.

पालघरला बाजारामागे एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहायच्या. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली होती. "बाईंना आठवड्यातून एकदा बायबल वाचून दाखवायला कोण जाईल?" पाळकसाहेबांनी भर उपासनेत विचारलं आणि माझा हात वर गेला. हेच त्यांनी मला एकट्याला गाठून विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, कोण जाणे.

दर बुधवारी ड्यूटी सुटली की मी एसटीने पालघरला जायचो. सुरुवातीला कधी पाळकसाहेब सोबत यायचे. सातपाटीची एक मासेवालीही मासळी संपली की रिकामी टोपली पायरीवर ठेवून पाणी प्यायला टेकायची. "तुमच्या देवाचं हाय ना? हाय तर हाय. आमाला ऐकायला बरं वाटतं," म्हणायची. असं कुणी बसलेलं असलं की मी सावकाश, शब्दाशब्दाला वजन देत वाचायचो. बाई एकट्याच असल्या की मात्र लक्ष घड्याळाकडे. हळूहळू मी मजकूर गाळायला लागलो. ज्यांना दिसत नाही, त्यांना काय कळणार?

एका बुधवारी एकशे एकोणिसावं स्तोत्र काढलं होतं. भलतंच लांब. मधला एक अख्खा भाग गाळून मी पुढे गेलो, थोडं वाचून पुस्तक मिटलं. पाहतो तर बाईंचे ओठ हलत होते.

"काय म्हणताय, बाई?"

"मधली आठ वचनं राहिली होती, भाऊ. तेवढी म्हणून घेतली."

"तुम्हाला पाठ आहे?"

"बरंचसं. रात्रपाळीला वॉर्डात म्हणत बसायचे."

"मग मला कशाला वाचायला लावता?"

"एकटीनेच म्हणायचा कंटाळा येतो हो," त्या म्हणाल्या. मग उठत, "चहा ठेवू ना?"

आधीचंही सगळं त्यांच्या लक्षात आलेलं असणार. मी चहा घेतला, पण त्यांच्याकडे बघवेना.

पुढचे दोन-तीन बुधवार एक अक्षर न गाळता वाचलं. तेही त्यांना दाखवायलाच. त्यात जीव नव्हता. मग ओव्हरटाइम निघाला, ताप निघाला, पाहुणे निघाले. मी जाणं सोडलं.

काही आठवड्यांनी पाळकसाहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मंडळीतल्या सेवा करणाऱ्यांचा सत्कार ठेवला. बाईंना कुणीतरी रिक्षाने आणून पहिल्या बाकावर बसवलं होतं. "हे बंधू दर बुधवारी न चुकता पालघरला जातात," पाळकसाहेब म्हणाले. सात आठवडे मी फिरकलो नव्हतो. तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण समोर शाल उलगडलेली दिसली आणि मी मान खाली घातली.

बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. "भाऊ आले की बरं वाटायचं," एवढंच बोलून त्या बसल्या. त्यातलं 'वाटायचं' माझ्याखेरीज कुणाला कळलं नसावं. टाळ्या झाल्या.

त्यानंतर महिन्याभरात भाचा त्यांना अहमदनगरला घेऊन गेला. मी आंतरदेशीय पत्र आणून सगळं कबूल करायला बसलो. अर्धं लिहून झाल्यावर ध्यानात आलं, हे पत्र त्यांना भाचा वाचून दाखवणार. त्याची सासुरवाडी आमच्याच मंडळीतली, म्हणजे गोष्ट बोईसरला यायला वेळ लागणार नव्हता. ते पत्र फाडलं. दुसरं लिहिलं: इकडे सर्व क्षेम आहे, रोजच्या प्रार्थनेत तुमची आठवण करतो.

भाच्याच्या अक्षरात उत्तर आलं. "मावशीने पत्र दोनदा वाचून घेतलं. 'भाऊ माझ्यासाठी रोज प्रार्थना करतात,' असं ती येईल त्याला सांगते."

मी एकदाही केली नव्हती. त्या संध्याकाळी गुडघ्यावर बसलो, पहिल्यांदाच त्यांच्यासाठी. पण मोठ्याने शब्द जुळवायची इतकी सवय झालेली, की नुसतं मनातून काय बोलायचं ते सुचेना. बाई त्याच वर्षी नाताळाआधी वारल्या. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.