वरचं बटण

कुसुमताई गेल्याचं मला चौकातल्या फळ्यावरून कळलं. ‘हुतात्मा दिनकरच्या भगिनी’ एवढंच लिहिलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव लिहायला खडू पुरला नसावा. शोकसभेत वक्त्यांनी दिनकरचं फासावर जातानाचं ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं, “मरणा, लवकर ये, मला उशीर होतोय!” आणि टाळ्या पडल्या... शोकसभेत! आज महिन्याभरानं सांगतो, ते वाक्य दिनकरचं नाही. माझं आहे.

स्वातंत्र्य नवं होतं, मी बावीस वर्षांचा शिक्षक. एका विद्यार्थिनीला वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून दिलं. शेवट जोरकस हवा म्हणून हे वाक्य घातलं. ढाल मिळाली. मग ते भाषणांतून, स्मरणिकांतून फिरलं आणि शेवटी पुतळ्याखाली संगमरवरात जाऊन बसलं. वाक्य माझं असल्याचं त्या विद्यार्थिनीकडून कळलं, तेव्हा ताईंनी मला बुधवार पेठेतल्या त्यांच्या खोलीवर बोलावलं. चहा दिला. “वाक्य छान आहे हो मास्तर. फासावर जाताना इतकं पाठ राहतं का माणसाला?” मग शेवटची भेट सांगितली. एकोणीस वर्षांचा दिनू. हात इतके थरथरत होते की सदऱ्याचं वरचं बटण लागेना. ताईंनी गजांतून हात घालून लावलं. “ताई, भीती वाटते गं,” म्हणाला, “पण नाव कुणाचंच सांगितलं नाही मी.”

“घाबरला होता, मास्तर, आणि तरी बोलला नाही. यात कमीपणा कसला? हे लिहा की!”

नाही लिहिलं. एका पुण्यतिथीला त्या स्वतःच उठल्या. “दिनू असं म्हणाला नव्हता,” एवढंच म्हणाल्या, तोच अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक काढून घेतला. “ताईंचं आता वय झालंय.” सभा हसली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो... खांद्यावरची शाल नीट करत राहिलो. ज्या शहराला घाबरलेला पोरगा चालत नाही, त्याला हुतात्मा हवा तरी कशाला? दगड पुरे. आणि तो दगड त्याला मी पुरवला.

शेवटच्या आजारात ताईंनी एक पुडकं माझ्या हाती दिलं. तुरुंगातून घरी आलेला तो सदरा. आता स्मारक समितीला तो काचेच्या पेटीत ठेवायचा आहे, त्याच वाक्याखाली! मी कळवलंय, आधी ते वाक्य छिन्नीनं काढा, आणि खोटं कुणी रचलं तेही तिथे लिहा, माझ्या नावासकट. उत्तर आलेलं नाही. तोवर सदरा माझ्या टेबलावर आहे. इतक्या वर्षांत ताईंनी तो कितीदा उन्हात घातला असेल, कितीदा घडी मोडून पुन्हा घातली असेल... वरचं बटण मात्र अजून लावलेलंच आहे.