धुरपताबाई आणि अप्पांचं टर्फ

ताडकळसच्या पेठेत शिवप्रकाशअप्पांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. मी त्यांचा शेजारी, शाळेत शिक्षक. मागच्या वर्षी अप्पा पुण्याला साडूकडे चार दिवस राहिले आणि डोक्यात टर्फ घेऊन परत आले. साडूच्या सोसायटीत हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं मैदान होतं. चारी बाजूंनी जाळी, वर दिवे. तसंच आपल्या परसात पाहिजे, असं अप्पांनी ठरवलं. अप्पा कधी काही खेळल्याचं गावात कुणाला आठवत नाही. दुकानाच्या चार पायऱ्या चढताना ते मध्ये एकदा थांबतात. पण आख्ख्या तालुक्यात कुणाच्या घरी टर्फ नाही, एवढं कारण त्यांना पुरलं.

मार्चमध्ये योगीराज नावाचा ठेकेदार शहरातून आला. त्याने खोदकामाला गावातलीच माणसं घेतली, त्यांत धुरपताबाई होती. बाई पंचावन्नच्या पुढची. तिचा नवरा मुंजाजी रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. तो गेला तरी बाईने काम सोडलं नाही. तीस वर्षं तिने या भागातल्या रस्त्यांवर मुरूम पसरला, पाणी मारलं, गिट्टी टाकली. रोलर फिरून गेला की ती टाच रोवून बघायची आणि म्हणायची, अजून दोन फेऱ्या पाहिजेत. इंजिनिअर हसायचे आणि ती पाणी प्यायला गेली की दोन फेऱ्या मारून घ्यायचे. तिचं नाव कुठल्याच कागदावर लागलं नाही.

परसात फूटभर खोदून झालं. योगीराज म्हणाला, बास. धुरपताबाईने खड्ड्यात उतरून मूठभर माती उचलली, दाबली आणि अप्पांसमोर धरली.

“अप्पा, अजून काळीच हाय. आणखी दीड फूट खाली जावा. मुरूम लागला की मंग काय करायचं ते करा. ही माती पावसात फुगती, उन्हात फाटती. वर काय बी घाला, उचलून टाकती.”

योगीराजने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो अप्पांना म्हणाला, “आमच्या छत्तीस साइट झाल्यात.”

“काळ्या मातीत किती झाल्या?” बाईने विचारलं.

“बाई, तुझं काम टोपलं उचलायचं.”

अप्पा हसले. मी कुंपणापाशी उभा होतो, मीही हसलो. बाईने टोपलं उचललं.

चार बोटं मुरूम पडला, त्यावर काँक्रीट, त्यावर गवताच्या गुंडाळ्या उलगडून चिकटवल्या. मग वाळू टाकून ती झाडूने गवताच्या काड्यांमध्ये घालायची होती. ते काम दोन दिवस उकिडवं बसून धुरपताबाईनेच केलं. मला म्हणाली, “गुरुजी, ह्याला गवत म्हणायलेत. जनावर तोंड लावायचं न्हाई अन् माणसाचा पाय भाजायलाय.”

बसव जयंतीला उद्घाटन झालं. दारावर पाटी होती : खेळाचे बूट नसल्यास पादत्राणे बाहेर काढावीत. पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांकडे कुठून असणार खेळाचे बूट? सकाळचे अकरा, मे महिन्याचं ऊन आणि खाली प्लास्टिक. गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी अनवाणी आत गेली आणि क्षणात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. ज्यांचं भाषण एरवी पाऊण तासाखाली येत नाही, त्यांनी ते दोन वाक्यांत उरकलं. गावाला टर्फचा झालेला हा एकमेव उपयोग.

पुढे आठ-दहा दिवस खतकंपन्यांचे एजंट संध्याकाळी अप्पांशी बॅडमिंटन खेळायला यायचे. ते मुद्दाम शटल जाळीत मारायचे आणि अप्पा जिंकायचे. आपण खेळाडू आहोत असं अप्पांना खरंच वाटायला लागलं होतं. मग त्यांचा गुडघा सुजला.

जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी मैदानाच्या मधोमध वीतभर उंचवटा आला होता. काँक्रीट फुटलं, गवताचा सांधा उसवला, जाळीचा एक खांब कलला आणि घराच्या बाजूला तळं साचलं. योगीराज फोनवर आधी म्हणाला, उद्या येतो. मग म्हणाला, दोष तुमच्या मातीचा आहे. त्यानंतर त्याने फोन उचलणंच सोडलं. अप्पांनी त्यातलं मधलं वाक्य तेवढं उचललं. दुकानात येईल त्याला सांगायला लागले, ताडकळसची मातीच बेकार.

शेवटी त्यांच्या पत्नी, त्रिवेणीवहिनी, धुरपताबाईच्या घरी गेल्या. म्हणाल्या, “मावशी, तुमी सांगितलं होतं. मी सैपाकघरातून ऐकलं होतं.”

“मंग तवाच का न्हाई बोललात?”

बाईने फार ताणलं नाही. पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर निघाली.

तिने उंचवट्याभोवती एक चक्कर मारली, फटीत काडी घालून बघितली. “समदं काढावं लागंल. मुरूम लागंपतूर खाली जायाचं अन् मंग थरावर थर. मुकादम मी राहणार. टोपलं उचलायला दुसरी माणसं बघा.”

“वरच्यावर काही होतं का बघ की,” अप्पा म्हणाले.

“न्हाई होत.”

“लय माजलीस तू.”

“व्हय,” ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

अप्पांनी दुसरे दोघे आणले. त्यांनी उंचवटा घणाने फोडला, सिमेंट थापलं, गवत पुन्हा चिकटवलं. हिवाळ्यात माती आटली आणि जिथे उंचवटा होता तिथे खड्डा पडला. आता मैदानावर युरियाची पोती रचलेली असतात. दिवे मात्र अप्पा पाहुणे आले की अजून लावून दाखवतात.

बाजारच्या दिवशी धुरपताबाई भेटली. पूर्णेकडच्या रस्त्याचं काम निघालंय आणि तिथे ती आठ बायांची मुकादम आहे, असं तिच्याकडूनच कळलं. अप्पा अजून मातीलाच नावं ठेवतात, हे मी तिला सांगितलं.

“मातीनं काय त्यांना बोलावणं धाडलं व्हतं?” ती म्हणाली आणि वांगी निवडायला लागली. किडकं एक वांगं तिने बाजूला काढून विकणारीच्या हातात दिलं.