गाडीचं तेल तव्यावर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अक्षरही ओळ सोडून खाली उतरणार, त्याची आधीच माफी मागते. तरी लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की आमच्या मामासासऱ्यांइतका हट्टी माणूस सगळ्या परभणी जिल्ह्यात झाला नाही. झाला असेल, तर तो एखाद्या गाडीखाली झोपलेला असल्यामुळे मला दिसला नसेल.

मामासासरे म्हणजे आमच्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. तरुणपणी हैदराबादला मोठ्या लोकांच्या मोटारी दुरुस्त करायला होते, मग ताडकळसला येऊन पत्र्याच्या शेडात ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांचं काम करू लागले. काम सगळं तेलाचं, पण अंगावर पांढरं धोतर आणि पांढरा सदरा. मामी म्हणायच्या, "तुमचं धोतर धुऊन धुऊन माझ्या हाताची सालटी निघायलीत. खाकी घाला की चारचौघांसारखं." त्यावर मामा म्हणायचे, "पांढऱ्यावर डाग कळतो. तेल काळं का तांबडं, वरून गळालं का खालून, समदं धोतरावर लिहून येतंय. खाकीवर काय कळंल, डोंबल?" कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्मच होता. जेवायला बसले आणि सासूबाई म्हणाल्या की वरण गरम आहे, तरी मामा बोट बुडवून बघायचे. भाजलं की बोट झटकत "गरम हाय" म्हणायचे, जशी काही ती बातमी त्यांनीच आणली होती.

गाडी दुरुस्तीला आली की मालकाशी ते आधी बोलतच नसत. मुसळाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. मालक शेजारी आपलं गाऱ्हाणं सांगत राहायचा, मामा हातानं त्याला गप्प करायचे. "खोलून बघा ना, मिस्तरी," असं कोणी म्हटलं की चिडायचे. "खोलायला पाना लागतो. न खोलता कळायला डोकं लागतं. पाना तुला देतो, खोल तूच." एकदा लग्नाच्या पंगतीत बसले असताना बाहेरच्या रस्त्यानं ट्रक गेला, तर मामा बुंदीचा घास ताटात ठेवून उठले आणि उष्ट्या हातानं त्या ट्रकमागं धावत सुटले. नवरीकडच्यांना वाटलं, मानपानात काही कमी पडलं, पाहुणे रुसले. चार कर्ती माणसं त्यांची समजूत काढायला वेशीपर्यंत गेली. मामा तासाभरानं आले आणि म्हणाले, "मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय त्याचं. सांगून आलो." मग परत बुंदी मागितली.

अशा माणसाची मला भीती वाटायची. लग्नाला सात वर्षं झाली तरी मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. पदर डोळ्यांपर्यंत ओढून ताट वाढायचं आणि आत जायचं, एवढंच. पण आमच्या घरावर आळ आला तेव्हा मीच सासूबाईंना म्हटलं, "मामांना निरोप धाडा."

आळ असा होता. आमचे घरचे पिंगळीला एका बागायतदारांकडे ड्रायव्हर होते. बागायतदारांनी हैदराबादहून एक जुनी परदेशी मोटार आणली होती. तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे, ड्रायव्हरनं नुसतं बसायचं. गावातली माणसं बघायला यायची आणि ह्यांना विचारायची, "मग तुमाला पगार कशाचा देतेत?" पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे बैल ओढ्यावर धुवायला निघाले, तशी बागायतदार म्हणाले, "हिलाबी न्या. हीबी आपल्या दावणीचीच हाय." ह्यांनी गाडी ओढ्यात घातली, बैलांच्या शेजारी उभी करून घासूनपुसून काढली. दुसऱ्या दिवशी तिच्या बॉनेटला झूल आणि आरशांना गोंडे बांधून मिरवलीसुद्धा. पण पुढच्या आठवड्यापासून गाडी चढावर नुसती ओरडायला लागली. इंजिन गर्जायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की गिअरबॉक्समध्ये ओढ्याचं पाणी शिरलंय, ड्रायव्हरनं गाडी खोल नेली. तेल बदललं, बिल झालं आणि ते बिल ह्यांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. महिन्याभरात गाडी परत तशीच. परत तेल, परत बिल. बागायतदार म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर घरी बसा." पगार निम्मा येत होता ते तर होतंच, पण वाईट हे की ह्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. जेवताना मधेच थांबून म्हणायचे, "मीच नेली आसंल खोल. ध्यान न्हाई राहिलं."

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखा बंद असायचा, एसटी कधी मिळेल सांगता येत नव्हतं. मामा ताडकळसहून सायकल मारत आले. पाणी पिऊन ह्यांना एकच विचारलं, "चाकं कुठवर बुडाली होती?"

"निम्म्याला कमी. पण मामा, आता वाटायलंय, मीच..."

"तू वाटून घेऊ नको. वाटायचं काम माझ्याकडं न्हाई. तेल आण जा."

ह्यांनी गाडीतलं तेल बाटलीत आणलं, आणि बदलताना उरलेलं थोडं नवंही. त्या गाडीचं नवं तेल कुंकवासारखं तांबडं असायचं. हे मात्र फिकट गुलाबी, दुधात सरबत ओतल्यासारखं दिसत होतं. हे म्हणाले, "बघा, पाणी हाय." मामा म्हणाले, "गुलाबी हाय. पाणी हाय का ते मला अजून म्हाईत न्हाई." आणि थेट चुलीकडे वळून, "सूनबाई, तवा तापव."

माझा भाकरीचा एकुलता एक तवा होता तो. पण नाही कशी म्हणणार? तापवून पुढं सरकवला. मामांनी आधी नव्या तेलाचा थेंब टाकला. तो पसरला, थोडा धूर निघाला, बाकी गप्प. मग गुलाबी तेलाचा टाकला, आणि तवा असा तडतडला की सासूबाई मागं सरकल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, फोडणीत पाण्याचा हात लागला की अस्संच वाजतं."

मामांनी वळून बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. "ऐकलं का?" ते ह्यांना म्हणाले. "गॅरेजवाल्यापेक्षा हिला जास्त कळतंय. पाणी हाय. आता कुठलं, ते बघायचं."

मग धोतर वर खोचून ते ओढ्यात उतरले. ह्यांना त्या जागी उभं केलं, काडीनं पाणी मोजलं. तीच काडी घेऊन बागायतदारांच्या अंगणात आले आणि गाडीखाली शिरून लावून बघितली. पाणी आत शिरायची वाट म्हणजे गिअरबॉक्सची हवेची नळी, आणि काडीवरची ओली खूण तिथपर्यंत पोचतच नव्हती. बागायतदार म्हणाले, "तवा ओढ्याला पाणी जास्त होतं, मिस्तरी." मामा म्हणाले, "आसंल. पण दोनदा तेल बदललं, त्याच्यानंतर गाडी ओढ्याला गेली का?" "न्हाई." "मग ओढा गाडीकडं आला का?" अंगणात माणसं जमली होती, ती हसली. मी बागायतदारांच्या घरातल्या बायकांबरोबर दारामागून बघत होते. मामा म्हणाले, "गाडीत घरचं पाणी एकाच जागी ऱ्हातंय. रेडिएटर." झाकण काढून त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "खारं. कुठल्या विहिरीचं?"

बागायतदारांना त्यांच्या नव्या विहिरीचा भारी अभिमान होता. पाहुण्यांना आधी विहीर दाखवायचे, मग चहा. "आपल्याच विहिरीचं," ते म्हणाले. "माझा हुकूमच हाय, गाडीला दुसरं पाणी पाजायचं न्हाई."

गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे गेलेल्या दोन नळ्या मामांनी सोडवल्या. तेल थंड व्हायला त्या रेडिएटरच्या पाण्यातून फिरतात, हे मला तेव्हाच कळलं. एका नळीत बोळा ठोकला, दुसऱ्या नळीला आपल्या सायकलचा पंप लावला आणि ह्यांना म्हणाले, "मार." मग बागायतदारांना म्हणाले, "तुमीच वाकून बघा. माझ्यावर इस्वास ठेवू नका." बागायतदार वाकले. ह्यांनी पंप मारला. आधी काही नाही. मामा म्हणाले, "मार, मार, थांबू नको." ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि मग रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडा आला. मग दुसरा, मग बुडबुड्यांची रांगच, गुलाबी फेस घेऊन. एक बागायतदारांच्या नाकाशीच फुटला.

"आतली नळी खाऱ्या पाण्यानं सडलीय," मामा म्हणाले. "गाडी चालू हाय तवर तेल पाण्याच्या घरी जातंय, बंद झाली की पाणी तेलाच्या घरी. शेजारधर्म चाललाय दोघांचा. पोराचा काय गुन्हा?"

बागायतदार नाक पुसत राहिले. ह्यांनी पंप खाली ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसले. हसले नाहीत, काही नाही. नुसते बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरलेलं मी दारामागून पाहिलं.

मामांनी रेडिएटर परभणीहून दुरुस्त करून आणला, गिअरबॉक्स तीनदा धुतला, आणि रेडिएटरला साध्या गोड्या पाण्याची सोय केली. मजुरी मात्र घेतली नाही. "आधी ह्याचे कापलेले, मग माझे," म्हणाले. बागायतदारांनी निम्मे तेव्हाच दिले आणि उरलेले कापूस गेल्यावर देतो म्हणाले. कापूस गेला, पैसे आले नाहीत. मग मामा दर बाजारच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागले. पैशाचं नाव काढायचे नाहीत. चहा दिला तर चहा प्यायचे, नाही दिला तर विहीर बघायला जायचे आणि परत येऊन बसायचे. घरातल्या बाईंनीच शेवटी नवऱ्याला सांगितलं म्हणे, "देऊन टाका हो. हा माणूस आता आपल्यातच जेवायला लागंल."

मामा जाऊन आता दोन पावसाळे झाले. चढावर एखादी गाडी दम टाकताना ऐकली की मी अजून कान देते, आणि मग आठवतं की विचारायला आता कोणी नाही. पैसे मिळाले त्या ओसरीवरच्या शेवटच्या फेऱ्याला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे घरात तोवर कोणालाच कळलं नव्हतं. बागायतदारांनी नोटा पुढं केल्या, तशा त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या. "तू मोज. मोठ्यानं."

परक्या पुरुषांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण मी एकेक नोट काढून मोठ्यानं मोजली.

"भरले का?" मामांनी विचारलं.

"भरले, मामा. सगळे आले."