शेखसरांची ओंजळभर माती

शेखसर गेल्याचं मला वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर कळलं. हातातला पत्रकांचा गठ्ठा बाकावरच राहिला... त्याला आता दीड महिना झाला.

सर भोरला शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वेल्ह्याजवळच्या एका मुरमाड उतारावर त्यांनी झाडं लावायला घेतली. दर साली त्यांच्या शाळेतली आम्ही पोरं खड्डे खणायचो आणि दर साली रोपं पिवळी पडून मरायची. मी म्हणायचो, खत घाला. "अरे, मुरमात खत कुठं टिकतंय? त्यांना सोबत नाही," सर म्हणायचे. जुन्या झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. मूळ पोचत नाही तिथून तिचे तंतू मातीतलं स्फुरद ओढून आणतात आणि झाड तिला साखर देतं. आमच्या उघड्या मुरमात ती मेली होती. उरली होती वरच्या गावच्या देवराईत.

देवराईतून काडीही न्यायची नाही, ही तिथली रीत. सरांनी पुजारीबाबांना गाठलं, देवाला कौल लावला. कौल मिळाला. वर्षाला एक गोणी माती. खड्ड्यात ओंजळ ओंजळ घातली आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा रोपं जगली. सगळी नाही, पण जगली.

मग देवराईवर प्लॉटवाल्यांची नजर गेली आणि मी पत्रक काढलं : 'देवराईतली चिमूटभर मातीही बाहेर जाणार नाही.' गावानं ते देवळात मोठ्यानं वाचलं. पुढच्या खेपेला पुजारीबाबांनी सरांची गोणी रिकामीच परत दिली. "सर, राग मानू नगा. तुमच्याच पोरानं लिवलंय. तुमाला दिली तर त्या प्लॉटवाल्यांना न्हाई कसं म्हनायचं?"

सरांनी रिकामी गोणी घडी करून काखेत मारली. स्टँडवर चहा पिताना म्हणाले, "पत्रक झकास आहे रे. तेवढी माती सोडायची होतीस."

त्या साली लावलेलं एकही रोप टिकलं नाही. आणि दोन वर्षांत रस्त्यासाठी देवराई तोडली. जेसीबी काही पत्रकं वाचत नाही. माझ्या शब्दांनी अडला तो एकच माणूस.

जुन्या गोणीतली शेवटची ओंजळ सरांनी खिडकीत, डालड्याच्या डब्यात जपली होती. जिवंत मूळ नसेल तर ती बुरशी उपाशी मरते, म्हणून एक नाचणी वाळली की दुसरी पेरायची, असं वर्षानुवर्षं. सर गेल्यावर चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, तो डबा माझ्या हातात दिला. "त्यांच्या मागं आता तूच बघ बाबा," एवढंच बोलल्या.

रोज पाणी घालतो. नाचणी हिरवीगार आहे. परवा उतारावर जाऊन आलो, तर तिथंही फार्महाउसचं तारेचं कुंपण... डबा माझ्या खिडकीत आहे. त्यातली माती घालायला एक खड्डा उरलेला नाही.