दसऱ्यानंतरचं नेटवर्क

१३ ऑक्टोबर २००५, गुरुवार. हवा कोरडी, पहाटे किंचित गारवा. दूधवाला उशिरा आला. काल दारी आलेल्या सोन्याची पानं देवापुढून उचलून तुळशीत टाकली. रमा डॉक्टरांच्या लॅबमधून सकाळीच फोन: सगळे संगणक ठप्प. इंदू अर्धा चहा तसाच ठेवून गेली. शेखर गेल्यापासून एवढ्या मोठ्या बिघाडाला ती पहिल्यांदाच एकटी जात आहे.

एवढं लिहून सरोजिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं, तोवर त्यांची सून शंकर नगरच्या वळणावर पोचलीही होती. स्कूटर नवऱ्याची, डिकीतली हत्यारंही त्याचीच. फक्त धाकधूक तिची स्वतःची होती.

इंदू मूळची राजनांदगावची. बारावी झाली आणि लग्न होऊन रायपूरला आली. शेखर तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढायचा. मग रायपूर राजधानी झालं, भोपाळहून ऑफिसं यायला लागली, लोकांच्या तळमजल्यांवर पाट्या चढल्या, आणि शेखर संगणकांच्या वायरी ओढू लागला. सुरुवातीला इंदू नुसती दुसरं टोक धरायला जायची. तो माळ्यावरून ओरडायचा, "आली का?" ती खालून ओरडायची, "आली, आली, अजून सोडा!" टोक धरता धरता ती आतल्या तारांचे रंग कसे जुळवायचे ते शिकली, मग संगणक एकमेकांशी बोलत नसले तर कुठून बघायला लागायचं ते शिकली. दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन शेखर गेला. गिऱ्हाइकं वाईट नव्हती. "भाभीजी, आप कहाँ तकलीफ़ करेंगी," असं मायेनं म्हणत एकेक करून दुसरीकडे गेली. उरली ती ही एक रक्त तपासायची लॅब. ती गेली की शेखरचं काम संपलं आणि इंदूचंही.

लॅबच्या ओट्यावर पेशंट दाटले होते. रिपोर्ट सर्व्हरमध्ये, म्हणजे आतल्या खोलीतल्या मोठ्या संगणकात, अडकून पडलेले. काउंटरवरची निधी हातानं पावत्या लिहीत होती. एक म्हातारा पेशंट तिला छत्तीसगढीत चिडवत म्हणाला, "कस नोनी, मसीन ला घलो दसहरा के छुट्टी मिले हे का?"

"दादा, छुट्टी मिलती तो मैं यहाँ नहीं बैठी होती," निधी म्हणाली.

रमा डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "इंदू, भिलाईची एक कंपनी कधीची मागे लागलीय, वर्षभराची देखभाल आम्हाला द्या म्हणून. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांचा माणूस दुपारी मोकळा आहे. तोवर तू बघ. त्यापुढे मला पेशंटना थांबवता येणार नाही."

"बघते, मॅडम," इंदू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आतल्या खोलीत सर्व्हरला झेंडूची माळ होती. कपाळावर, म्हणजे जिथं बटण असतं तिथं, हळदकुंकू. बाजूच्या सूक्ष्मदर्शकालाही तसंच. हे काम बाबारावांचं. लॅब उघडली तेव्हापासून ते इथं कारकून होते, आणि अमरावतीकडच्या आपल्या घरी जशी खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पुजत, तशी ते इथली यंत्रं पुजत. परवाही त्यांनी सगळं पुसून, सजवून ठेवलं होतं. काल सुट्टी. आज हे असं.

"मैंने तीन बार बंद करके चालू किया, आंटी," निधी दारातून म्हणाली.

"मग चौथ्यांदा नको करूस बाई."

इंदूनं सर्व्हरचं झाकण उघडलं. पंख्याशेजारी अक्षतेचा एक लाल दाणा पडला होता.

"देखा! चावल!" निधी ओरडली.

बाबारावांचा चेहरा पडला. "म्या तं बाहेरूनच वायल्या वो बाई. अंदर कसा काय गेला?"

डॉक्टर मागेच उभ्या होत्या. "बाबाराव, पुढच्या वर्षीपासून यंत्रांची पूजा बंद." एवढंच बोलून त्या पेशंटकडे गेल्या. बाबाराव कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

इंदूनं दाणा काढला. झाकण लावलं. काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण सर्व्हर स्वतः सुरूच होता, फक्त बाकीच्या संगणकांना तो दिसत नव्हता. तिनं त्याची वायर बदलून पाहिली. मग निधीच्या संगणकावरून सर्व्हरला हाक मारून पाहिली. अशी हाक मारायची सोय संगणकातच असते, ओ आली तर वाट मोकळी. ओ आली नाही. पुन्हा आली नाही. मग एकदा आली, आणि पुन्हा गप्प.

तिनं आणखी दोनदा हाक मारली, तोच प्रकार. वायर तुटली असती तर ओ कधीच आली नसती. मधेच येते, मधेच नाही, हे काय? भिलाईच्या माणसानं एव्हाना शोधूनही काढलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

ती भिंतीवरच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. लॅबमधल्या सगळ्या वायरी या पेटीत येतात, जशा गल्ल्या चौकात याव्यात. प्रत्येक वायरीच्या भोकावर एक हिरवा दिवा. कुणी काम करत असलं की त्याचा दिवा लुकलुकतो. आत्ता सगळे दिवे एकदम, एका लयीत, दम न घेता लुकलुकत होते. इंदूनं मागं वळून पाहिलं. निधी पावत्या लिहीत होती. बाकीचे हात बांधून बसलेले. कुणी काही करत नाही, मग ही एवढी बडबड कुणाची चालली आहे?

शेखर म्हणायचा, भांडण कुठल्या घरात आहे ते कळत नसेल तर अख्ख्या पाऱ्याची, म्हणजे मोहल्ल्याची, दारं लावून घे, मग एकेक उघड.

तिनं सगळ्या वायरी उपसल्या. दिवे विझले. मग फक्त सर्व्हरची लावली आणि निधीची.

"आ गया! आंटी, आ गया!"

"ओरडू नको, अजून बाकी आहेत." पण इंदूचा आवाजही चढलाच होता.

तिनं एक वायर लावली, थांबली. दुसरी लावली, थांबली. सगळं शांत. मग एक करडी वायर लावली आणि अख्खी पेटी पुन्हा पिसाटली. ती उपटली, की शांत. लावली, की धिंगाणा. इंदूनं ती वायर बोटांत धरली आणि तिच्या मागं मागं निघाली, कपाटामागून, खिडकीखालून, टेबलाच्या पायाला वळसा घालून. वायर फिरून त्याच पेटीपाशी आली होती. दुसरं टोकही तिथंच खोचलेलं, मघाशी तिनंच वेगळी वायर समजून परत लावलेलं. एका टोकातून गेलेला निरोप दुसऱ्या टोकातून परत, तिथून पुन्हा सगळ्यांकडे, पुन्हा परत. त्या गलक्यात सर्व्हरची ओ कुणाला ऐकू जाणार?

"थे मीच लावली," स्टुलावरून आवाज आला. बाबाराव उठून उभे राहिले होते. "पुसता पुसता दिसली, एक टोक लोंबून राह्यलं होतं. पूजेच्या दिशी हत्यार असं लोंबतं ठेवत नसते. रिकामं भोक दिसलं, तं लावून देल्ली. मले वाटलं, निघून आली असंल."

इंदूला हसू फुटलं, ते तिला आवरेना. उन्हाळ्यात मागच्या खोलीतला संगणक हलवला, तेव्हा तिचं टोक इकडे ओढून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून ती वायर निकामी पडून होती. "अहो बाबाराव, ती तेव्हाच काढून न्यायला पाहिजे होती. ते माझं काम राहिलं. तुम्ही तर घर आवरलंत."

"मंग तो तांदुळाचा दाणा?"

"त्यानं काही केलं नाही. बिचारा उगाच पकडला गेला."

बाहेर रिपोर्टची छपाई सुरू झाली होती. मघाचा म्हातारा कागद घडी करत म्हणाला, "हव, मसीन जाग गे." डॉक्टर आत आल्या तेव्हा इंदूनं सगळं सांगितलं, वायर दाखवली, आणि वर म्हणाली, "मॅडम, पूजा बंद नका करू. वर्षातून एकदा तरी इथली धूळ निघते. फक्त खंडेनवमीला मला बोलवा. वायरी मी काढीन, मीच परत लावीन. मधल्या वेळात बाबाराव काय करायचं ते करतील."

"प्रसादाले थांबा लागन मंग," बाबाराव लगेच म्हणाले. "शिरा असते."

"म्हणजे पुढच्या खंडेनवमीलाही तूच?" डॉक्टरांनी विचारलं.

इंदू करडी वायर गुंडाळत होती. "तुम्ही ठेवलंत तर."

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन उचलला आणि भिलाईचा नंबर लावला. "हाँ, नमस्ते. नहीं, आज मत भेजिए. हमारे यहाँ अपनी इंजीनियर हैं." मग फोनवर हात ठेवून निधीला म्हणाल्या, "इंदूचा चहा सांग. आणि पंडरीच्या माझ्या बहिणीच्या दवाखान्याचा नंबर तिला दे, त्यांचंही काहीतरी अडलंय."

इंजीनियर हा शब्द इंदूला जरा मोठा वाटला. पण तिनं तो परत केला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली आणि चप्पल काढता काढताच सासूबाईंना सगळं सांगत सुटली, वायर कुठून कुठं गेली ते हातवारे करून. सरोजिनीबाईंनी ऐकून घेतलं, मधे दोनदा थांबवून नीट विचारून घेतलं, आणि जेवणानंतर डायरी उघडली. इंदूच्या वायरीचं सगळं लिहून झाल्यावर नेहमीसारखी घरची एक ओळ शेवटी लिहिली: कुकरला नवी रिंग बसवली, वरण छान शिजलं.