गोमातेचे मटणखाऊ डॉक्टर

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही. त्यामुळे बोलायचं सगळं काम मालक करतो, आणि मालकाबरोबर आलेली चार माणसं करतात. गाय बिचारी गप्प उभी, आणि तिच्या वतीनं धर्म, शास्त्र, पाप, पुण्य सगळं आमच्या टेबलावर! नाशिकच्या त्या सरकारी दवाखान्यात मी नव्वदच्या दशकात रुजू झाले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तिथंच काढली. औषधं कधी पुरली नाहीत. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत.

आम्ही तिघं. पाठक साहेब सीनियर डॉक्टर. पंचवटीत राहणारे, जानवं घालणारे, केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारणारे. काशिनाथ आमचा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, हरसूलकडचा. नदीचे खेकडे, सुकट, कोंबडी, काहीही वर्ज्य नाही. आणि मी निफाडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरी बुधवार-रविवार मटण ठरलेलं. दुपारी तिघांचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला जनावरांपेक्षा त्या टेबलाचंच जास्त नवल!

*

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एका मळ्यात गाय अडली होती. वासराचा एक पाय मागं दुमडलेला. मी गुडघ्यावर बसलेले, उजवा हात खांद्यापर्यंत आत, बोटांना वासराचा खूर नुकताच लागलेला. गायीचा मालक डोक्याशी उभा. कपाळावर गंध, हातात माळ.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही मांसाहार करता का?"

"करते. का?"

"नाही, आमच्या महाराजांनी सांगितलंय, खाणाऱ्याचा हात गाईला लागू द्यायचा नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. "हात काढू?"

त्यानं माळेचा एक मणी पुढं सरकवला. गाय कण्हली.

"लवकर सांगा. काढला तर परत घालणार नाही!"

"आता... आता राहू द्या," तो म्हणाला.

अर्ध्या तासानं वासरू बाहेर आलं. कालवड होती. गाय तिला चाटायला लागली तसा तो माणूस ढसाढसा रडला. मी बादलीत हात धूत होते. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, निदान आज तरी खाल्लं नसेल ना?"

"अजून नाही. पण आज बुधवार आहे!"

*

एकदा पाचसहा तरुण पोरं स्टिकर घेऊन आली. दवाखान्याच्या दारावर लावायचे होते. मजकूर असा, की इथं गोमातेवर उपचार होतात, म्हणून मांसाहार करणाऱ्यांनी आत पाऊल टाकू नये.

पाठक साहेबांनी चष्मा पुसून तो नीट वाचला. "आमच्या स्टाफपैकी दोघांना बाहेर बसावं लागेल," ते म्हणाले. "इंजेक्शन मी एकटा देईन, पण गाय कोण धरणार?"

"साहेब, थट्टा नको. शास्त्रात मांस निषिद्ध आहे."

"कुठल्या शास्त्रात?"

"सगळ्याच!"

मग साहेबांनी त्यांना चक्क बसवलं. चहा सांगितला. आणि सांगायला लागले, की एका जुन्या स्मृतीत कुठल्या मांसानं पितर किती महिने तृप्त राहतात याची यादी दिलेली आहे. मासा किती, हरीण किती, बोकड किती. आणि त्याच पोथीत, दोन अध्याय पुढं गेलं की असंही आहे, की जो मांस सोडतो त्याला फार मोठ्या यज्ञांचं पुण्य लागतं.

"म्हणजे तुम्ही कुठलं मानता?" पोरांच्या म्होरक्यानं विचारलं.

"मी दुसरं पान मानतो. जन्मभर मानलंय. पण पहिलं पान फाडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही."

तो पोरगा जरा गोंधळला. मग आवाज चढवून म्हणाला, "साहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी दवाखान्याच्या. जनावर आणलंय का? नाही? मग लाइन सोडा!"

*

शहरातल्या गाईंचा एक मोठा आजार म्हणजे शहर. एक गाय आली, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. तिला आणणारे शेठ आमच्या भागातले मोठे गोभक्त. दर एकादशीला रस्त्यावरच्या गाईंना स्वतःच्या हातानं खाऊ घालणारे. मी आणि काशिनाथ ऑपरेशनची तयारी करत होतो तोवर त्यांनी काशिनाथला चांगलं फैलावर घेतलं. तू काय खातोस, तुझ्या गावात काय खातात, गाईचं मोल तुम्हाला काय कळणार, वगैरे वगैरे. काशिनाथ आपलं काम करत राहिला. केस भादरले, टिंक्चर लावलं.

पोट उघडलं. आतून निघाल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एकात एक अडकलेल्या, दोरखंडासारख्या पिळलेल्या. घमेलं भरलं. काशिनाथनं सगळ्या धुतल्या आणि बाहेर कुंपणावर ओळीनं वाळत घातल्या.

शेठ लांबून बघत होते. काशिनाथनं त्यांना हाक मारली.

"शेठ, इकडं या जरा. ही पिशवी बघा. तुमच्याच दुकानाचं नाव हाय."

शेठ पांढरेफटक.

"आतली पुरी पार विरघळली. पण गाठ बघा, तशीच हाय. तेवढी सोडून घातली आसती तर लय उपकार झालं आसतं गाईवर!"

*

या शेठनीच केली की आणखी कुणी, माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसकडं तक्रार गेली. दवाखान्यात कर्मचारी सुकट खातात, त्यामुळे कार्यालयाचं पावित्र्य भंगतं. खुलासा मागवणारं पत्र आलं. काशिनाथ घाबरला. डबा घरीच ठेवून यायला लागला. दुपारी नुसता चहा प्यायचा आणि गोठा झाडत बसायचा. दोन दिवस आम्हीही नीट जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी पाठक साहेबांनी स्वतः खुलासा लिहिला. पत्र मी टाइप करून आणलं, म्हणून पक्कं लक्षात आहे: "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर दवाखान्यात दररोज शेण, मूत्र, पू, रक्त व व्यालेल्या गाईंची सडलेली वार यांचा वास असतो. त्या तुलनेत सुकटीचा वास सुसह्य आहे. निम्नस्वाक्षरीकार स्वतः जन्मापासून शाकाहारी असून सदर कर्मचाऱ्याच्या शेजारीच बसून जेवतो. निम्नस्वाक्षरीकाराच्या पावित्र्यास अद्याप बाधा पोहोचलेली नाही."

सही केली, शिक्का मारला आणि काशिनाथला म्हणाले, "उद्या डबा आण. नाही आणलास तर मेमो देईन!"

*

दर वेळी आम्हीच जिंकलो असं नाही हं. एक म्हातारे बाबा म्हैस घेऊन यायचे, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी सोडून तीस वर्षं झालेली. स्वभावानं गरीब, कधी कुणाला उपदेश नाही. त्या दिवशी मी आधीच्या एका उपदेशकाशी भांडून तापलेली होते. बाबांनी फक्त विचारलं, "काय झालं मॅडम?" आणि मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

"तुम्ही मोठे माळकरी, बाबा! आणि पायात काय आहे? चामडंच ना? ते काय झाडाला लागलं होतं?"

बाबांनी पायाकडं बघितलं. काही न बोलता वहाणा काढल्या, दवाखान्याच्या पायरीजवळ जोडीनं ठेवल्या आणि म्हशीचा कासरा धरून चालायला लागले. एप्रिल महिना. डांबर वितळत होतं. मी मागं धावले. "बाबा, अहो, मी आपलं गमतीनं म्हटलं! घाला!"

"नाही मॅडम. तुम्ही बरोबर बोलल्या. माझ्याच ध्यानात नव्हतं आलं."

पुढच्या खेपेला पायात रबरी स्लिपर होत्या. मला दाखवून हसले. म्हणाले, "तुम्ही खाता म्हणून तुमचं खरं धरायचं नाही, असं थोडंच आहे?"

 त्या वहाणा कितीतरी दिवस पायरीवर होत्या. उचलायची माझी छाती झाली नाही.

*

वसुबारसेला गाय आणि वासरू दोन्ही लागतात. शहरात ही जोडी कुठं मिळणार? आमच्याकडं! एका वर्षी संध्याकाळी वीसेक बायका ताटं घेऊन हजर. आत एकच गाय होती, वासराला घेऊन, आणि तिचं पोट बिघडलेलं. मी दारात आडवी उभी राहिले. "पूजा करा, ओवाळा, पण खायला काही घालू नका. मरेल ती."

एक बाई चिडल्या. "सणाच्या दिवशी गाईला नैवेद्य नको म्हणता? हिंदूच आहात ना तुम्ही?"

"मी आहे हो. तिचं पोट नाहीये!"

*

आता शेवटचा. चांदवडकडच्या एका खेड्यातून यमुनाबाई नावाची म्हातारी बैल घेऊन आली होती. तांबडा बैल, शिंगाचा कॅन्सर. मी तपासलं, केसपेपर केला आणि सांगितलं, पुढच्या सोमवारी आणा, शिंग मुळापासून काढावं लागेल. ती नवऱ्यामागं एकटीच कांद्याची शेती करायची.

सोमवारी सकाळी बैल आला, पण त्याच्या टेम्पोच्या पुढं-मागं मोटरसायकली. पाच जण, हातात काठ्या. हायवेवर गाडी अडवलेली. ड्रायव्हर यमुनाबाईच्या गावातलाच, रफिक नावाचा. नाव विचारलं आणि मारायला सुरुवात केली. त्याचा ओठ फाटलेला, शर्टाला रक्त. म्हातारी शेजारी बसून ओरडत होती, ते कुणी ऐकलंच नाही.

त्यांचा पुढारी, दाढीवाला, माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, हा बैल कापायला चालला होता. तसं लिहून द्या."

"हा बैल माझ्याकडं येत होता. मीच बोलावलंय. हा केसपेपर."

"केसपेपर खोटाही असतो."

"मग शिंगाला हात लावून बघा. तेही खोटं असेल!"

"तुम्हाला लिहून द्यावंच लागेल!" त्यानं काठी टेबलावर आपटली.

 पण मी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. "मी लिहिणार नाही. आता बैल आडवा पाडायचाय, माणसं कमी आहेत. गोरक्षण करायला आलात ना? धरा दोर!"

इकडं पाठक साहेबांनी रफिकला स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं आणि त्याचा ओठ पुसत होते. "माणसांची प्रॅक्टिस नाही मला," म्हणाले, "थोडं झोंबेल."

पोरांनी दोर धरले खरे. पण मी भूल देऊन करवत लावली, आतून पू आणि अळ्या बाहेर आल्या, तसा एकेक जण तोंडाला रुमाल लावून फाटकाकडं सरकला. एकाला तर काशिनाथनं पाणी दिलं. शेवटपर्यंत बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला तो रफिक. म्हातारी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मधूनच रफिकच्याही.

बँडेज झालं. दुपारनंतर बैल उठून उभा राहिला, चारा हुंगला. सगळ्यांनी मिळून त्याला टेम्पोत चढवलं. पाचही जण फाटकापाशी अजून रेंगाळत होते. दाढीवाला पुढं आला. आवाज आता बराच खाली.

"आजी, याच्या गाडीतनं नेऊ नका. बैल आमच्याकडं द्या. आम्ही सांभाळू."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला, टेम्पोत रफिकच्या शेजारी जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. रफिकनं चावी फिरवली. गाडी घरघरली आणि बंद. पुन्हा फिरवली. पुन्हा बंद.

म्हातारीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरं ए पोरांनो! लय राखण करायची व्हती ना बैलाची? मंग बघत काय हुबं ऱ्हायला? मागं जा अन् धक्का मारा!"

कुणी हललं नाही. काशिनाथ माझ्याकडं बघायला लागला, मी पाठक साहेबांकडं.

मग दाढीवाल्यानं हातातली काठी काशिनाथपुढं केली. "जरा धरा," म्हणाला, आणि टेम्पोला खांदा लावला.